खिळ्यावरचे बूट

५ जानेवारी, सोमवार

गादीवाले म्हणाले, "ताई, रोजचं टिपून ठेवत जा. उद्या कुणी आपल्या टीमचा इतिहास लिहायला घेतला तर उपयोगी पडेल." गादीवाले म्हणजे आमचे मालक. गाद्यांचा कारखाना त्यांचा, आणि आता या शहराची पहिली व्यावसायिक महिला फुटबॉल टीमही त्यांचीच. इतिहास कोण लिहिणार आहे देव जाणे, पण डायरी त्यांनीच दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी एक झोपलेला माणूस छापलाय. त्याच्याकडे बघूनच मला जांभया येतात.

मी टीमची मॅनेजर. पन्नाशीला टेकले आहे आणि पाणीपुरवठा कार्यालयातून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली आहे. आजवर शाळेच्या मैदानावर मुलींची हौशी टीम चालवत होते, तिच्यातल्या तिघी या नव्या टीममध्ये निवडल्या गेल्या. गोलकीपर, जिला आम्ही भिंत म्हणतो. चिमणी, वयाने सगळ्यांत लहान. आणि धाकटी.

धाकटी माझी सख्खी बहीण. आई गेली तेव्हा ती दुसरीत होती. तिच्या पायात पहिला बूट मीच चढवला, दोन मापं मोठा, पुढे कापूस कोंबून. आता ती तेहतीस वर्षांची आहे आणि इतकी वर्षं या गावासाठी, एक छदाम न घेता, धुळीत खेळली आहे.

आमच्या शहराची ओळख म्हणजे मोठ्या शहराच्या आधीचं स्टेशन. गाडी थांबली की प्रवासी विचारतात, "आलं का?" आणि कुणीतरी सांगतं, "नाही हो, बसा. हे ते नव्हे." माझं मागणं फार नाही. पहिल्या सामन्यात, आपल्या मैदानावर, भरल्या गर्दीत धाकटी सगळ्यांच्या पुढे चालत बाहेर आली पाहिजे. तेवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की मी पाण्याच्या ऑफिसात परत जाऊन बसायला मोकळी.

९ जानेवारी, शुक्रवार

मैदान ताब्यात आलं. इथे कालपरवापर्यंत गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा व्हायची. निम्म्या गावाने घामाघूम होत इथे इंग्रजी आठाच्या आकारात गाडी फिरवली आहे. गवत लावलं, पाणी मारलं, रोलर फिरवला, तरी मधोमध तो आठ आहेच. चेंडू त्याच्यावर पडला की भलतीकडेच उडतो. धाकटीने सकाळी अनवाणी फिरून कुठे चढ आहे, कुठे खळगा आहे ते सगळं पाहून घेतलं आणि चिमणीला हाताला धरून दाखवलं. "इथे चेंडू आला की पुढे धावायचं नाही. अर्धं पाऊल थांबायचं, मग पाय घालायचा."

चिमणी धाकटीच्याच जागेवर खेळते, बचावात, अगदी मधे. मी म्हटलं, "हिला कशाला शिकवतेस? उद्या तुझीच जागा खाईल."

"खाऊ दे की. वाढतं वय आहे तिचं."

आम्ही तिघी हसलो. चिमणी जरा कमी हसली.

कपडे बदलायच्या खोलीला नवा रंग दिलाय. जुन्या पत्र्याच्या खोलीतला आमचा खिळा मी पकडीने उपटून आणला आणि इथे दाराशेजारी ठोकला. रंगाऱ्याने माझा उद्धार केला. पण तो खिळा हवाच. आमच्यात खेळ सोडणारी मुलगी ते तोंडाने सांगत नाही. बूट घासूनपुसून, लेस काढून, टाचेच्या पट्टीने त्या खिळ्याला टांगते आणि घरी जाते. मग तिला का म्हणून कुणी विचारायचं नाही, थांब म्हणायचं नाही. पुढच्या वेळी ती आली की पहिला कप चहा तिला द्यायचा, विषय संपला. ही रीत मीच घालून दिली. त्याआधी निरोपाची भाषणं व्हायची, रडारड व्हायची, आणि जाणारी मुलगी भिडेखातर परत येऊन मन नसताना अजून वर्षभर खेळायची. ते बघवायचं नाही मला.

धाकटी खिळ्याकडे बघत म्हणाली, "हा कशाला आणलास, ताई?"

"असू दे. पगारी टीम आहे, इथून कोण सोडून जातंय!"

"ठोकलास मात्र पक्का," ती म्हणाली, आणि तिने तो ओढूनही पाहिला.

१४ जानेवारी, बुधवार

नव्या प्रशिक्षक आल्या. बाहेरच्या आहेत, नावाजलेल्या टीमना शिकवलेल्या. बोलणं जवळपास नाहीच, सगळा कारभार शिट्टीवर. तोकडी शिट्टी म्हणजे पळा. दोन तोकड्या म्हणजे थांबा. एक लांब शिट्टी म्हणजे तू, हो तूच, इकडे ये. मुलींनी दुपारच्या आत त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलं.

आज लांब शिट्टी धाकटीसाठी वाजली. दोघी गोलाच्या खांबाशी उभ्या राहून बोलत होत्या. शिट्टीबाईंनी तिच्या उजव्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. धाकटी काहीतरी बराच वेळ सांगत होती. एवढं तर ती घरी आठवड्यात बोलत नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं. बर्फ लावायला सांगितलाय."

गुडघा तिचा कुरकुरतो, खोटं नाही. माझाही कुरकुरतो. या वयात न कुरकुरणारा गुडघा असतो कुणाचा?

२२ जानेवारी, गुरुवार

फुटबॉल संघटनेचा माणूस मैदान तपासून गेला. एका बाजूचा गोल ठेंगणा निघाला. जमीन खचली आणि खांब आत गेले. भिंत म्हणते, "राहू दे ना ताई ठेंगणा, मला बरा." दिवसभर ते खांब उपटून पुन्हा पुरण्यात गेला. माझी पाठ मोडली. शिवाय पाहुण्या टीमला गरम पाणी हवं, पंचांना वेगळी खोली हवी, स्ट्रेचर हवं, रुग्णवाहिकेसाठी वेगळं फाटक हवं. लग्नघरात वरमाईचेही एवढे नखरे नसतात.

धाकटी हाताशी असती तर बरं झालं असतं. पण तिची दाढ दुखत होती, म्हणून ती शिंप्याच्या दुकानावर जो दवाखाना आहे तिथल्या दातांच्या बाईंकडे गेली. दिवेलागणीला परत आली.

"एवढा वेळ?"

"गर्दी होती."

लवंगेचं तेल लावून दिलं. लावून घेतलं गुमान.

३ फेब्रुवारी, मंगळवार

गावभर पोस्टर लागली. धाकटी हाताची घडी घालून उभी, आणि खाली मोठ्या अक्षरांत, "आता झोपून चालणार नाही!" गाद्या विकणाऱ्याने हे लिहावं! लोक पोट धरून हसताहेत, पण बघताहेत. बसथांब्यावर धाकटी, दवाखान्याच्या भिंतीवर धाकटी, पावाच्या भट्टीच्या दारावर धाकटी. पाववाल्याने तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. "आमचं सगळं घर येणार आहे बघायला. तुमच्यासाठी हं, बाकीच्या कोण ते आम्हाला ठाऊक नाही."

 धाकटी घरी येईपर्यंत प्रत्येक पोस्टरसमोरून मान खाली घालून चालली. दारात आल्यावर म्हणाली, "ताई, एवढं मोठं कशाला केलं गं?"

"मग काय पासपोर्टएवढं लावायचं?"

लाजरी आहे पहिल्यापासून. मला मात्र रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून त्या चित्राकडे बघता बघता भरून आलं. आई असती तर तिथेच खुर्ची टाकून बसली असती.

११ फेब्रुवारी, बुधवार

शिट्टीबाईंशी वाजलं. पहिल्या सामन्यात कोण कोण खेळणार विचारलं, तर त्यांनी कागदावर अकरा वर्तुळं काढून त्यांत नावं लिहिली. मधल्या वर्तुळात चिमणी.

मी म्हटलं, "धाकटी कुठाय?"

"राखीव."

"गावभर तिची तोंडं लावलीत आणि ती बाकावर बसणार?"

"तोंडं मी नाही लावली." मग म्हणाल्या, "तिला विचारलंत का तुम्ही?"

"तिला काय विचारायचंय त्यात? मी तिची बहीण आहे."

 शिट्टीबाई शिट्टी तोंडात घालून निघून गेल्या. बाहेरून आलेल्या माणसाला काय कळणार आमच्या दोघींचं!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सरावाचा सामना. पाच गोल खाल्ले. एकही केला नाही.

 परतीच्या बसमध्ये मी सगळ्यांचे मोजे एका पिशवीत भरून मांडीवर घेऊन बसले होते. वास असा की ड्रायव्हरने खिडकी उघडली. धाकटी दुसऱ्या भागात थोडं खेळली. मागे पळताना उजवा पाय जरा ओढत होती. उतरताना बसच्या पायरीवर थांबली, दांडी धरली आणि आधी डावा पाय खाली टाकला. म्हातारी माणसं उतरतात तशी. तिला माझी नक्कल करायची सवय आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

थकले. सकाळी उठले तेव्हाच थकलेली होते. नव्या जर्सींचा रंग धुण्यात गेला. अर्ध्या जर्सी केशरी, अर्ध्या भोपळ्यासारख्या. पुन्हा रंगवायला टाकल्या आहेत.

धाकटी आजही दातांच्या बाईंकडे. या महिन्यात किती वेळा गेली त्याचा हिशेब मी सोडून दिला. एका दाढेसाठी माणूस इतकं काय करतं? आली तेव्हा बाह्यांवर, नखांत, केसांतसुद्धा पांढरी पूड. म्हटलं, "रेषा आखायला गेली होतीस का मैदानावर? चुना असा अंगावर उडवायचा नसतो." तिने हात मागे घेतले आणि म्हणाली, "हो गं, उडाला."

चांगली मुलगी आहे. दाढ दुखत असताना रेषा आखते.

४ मार्च, बुधवार

दोन गोष्टी झाल्या.

पहिली: मी गादीवाल्यांच्या कारखान्यात जाऊन बसले. चहूकडे कापूस उडतोय आणि हे कडक गादीवर बसून मऊ गादीची स्तुती करताहेत. मी सरळ सांगितलं, धाकटी पहिल्या सामन्यात कप्तान म्हणून बाहेर आली नाही तर पोस्टर बघून येणारे लोक तुम्हालाच शिव्या घालतील. गादीवाल्यांनी कानातला कापूस काढला, म्हणजे खरोखरचा कापूस, आणि माझ्यासमोरच शिट्टीबाईंना फोन लावला. झालं. धाकटी कप्तान, धाकटी पहिल्या अकरांत.

दुसरी गोष्ट: घरी येऊन हे सांगितलं तेव्हा धाकटी कडक टोस्ट खात होती. दुखऱ्या बाजूनेच, करकर आवाज करत. माझं ऐकून चावायची थांबली.

"तू गेली होतीस त्यांच्याकडे?"

"मग? माझ्याशिवाय कोण जाणार?"

"नाही, बरोबर," ती म्हणाली. "तूच जाणार." उरलेला टोस्ट तिने बशीत ठेवला. आता दाढ दुखली असणार.

१० मार्च, मंगळवार

सकाळी धाकटी दोन कप चहा घेऊन माझ्या खोलीत आली. पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, "ताई, एक बोलायचं होतं. रागावू नकोस."

तेवढ्यात फोन वाजला. स्ट्रेचरवाल्याने स्ट्रेचरऐवजी घडीची खाट पाठवली होती. त्याच्याशी भांडण आटपेपर्यंत चहा गार झाला आणि धाकटी सरावाला निघून गेली. चालताना तिने उंबऱ्याशी दाराची चौकट धरली.

काय बोलायचं होतं ते दुपारी विचारायचं ठरवलं होतं. मग जर्सी आल्या. त्या बघितल्यावर सगळंच विसरले. सगळ्या एकजात केशरी. धाकटीची सहा नंबरची जर्सी मी जरा जास्तच वेळ हातात धरून बसले.

१३ मार्च, शुक्रवार

दुपारी हवेचा पंप आणायला कपडे बदलायच्या खोलीत गेले. सराव संपून मुली गेल्या होत्या. दाराशेजारच्या खिळ्याला धाकटीचे बूट टांगलेले. घासलेले, पुसलेले, लेस नसलेले.

मालकांनी दिलेले नवे बूट तिला चावतात म्हणून ती हे जुनेच वापरते. लेस झिजल्या होत्या हे मीच मागे एकदा बोलले होते. तुटल्या असणार. परवा सामना आणि आज लेस तुटल्या, त्यात मला त्रास नको म्हणून बोलली नसेल. बूट ओले असणार, वाळायला कुठेतरी टांगायचे, समोर खिळा दिसला, टांगले. एवढंच. धाकटी काही त्या इतर मुलींसारखी नाही.

मी बाजारात गेले. धावतच गेले म्हटलं तरी चालेल. पांढऱ्या, चपट्या, लांब लेस आणल्या. बाकावर बसून एकेक भोक बघून ओवल्या, लहानपणी ओवून द्यायचे तशाच. एक भोक चुकलं, काढून पुन्हा ओवली. वय झालं. मग बूट तिच्या पिशवीत ठेवले, घरी नेऊन पिशवी तिच्या पलंगाशी ठेवली.

ती आली, पिशवी उघडली आणि उभीच राहिली.

"लेस तू घातल्यास?"

"मग काय अशीच खेळणार होतीस?"

तिने लेसवरून बोट फिरवलं. मग मला म्हणाली, "छान आहेत गं. पांढऱ्या." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हातावर ती पांढरी पूड होतीच.

जेवली नाही. सामन्याआधी असं होतंच.

१५ मार्च, रविवार

हरलो. एकास दोन. लिहायला बसले पण हात उठत नाही. उद्या.

१६ मार्च, सोमवार

आज टीमला सुट्टी. धाकटी अजून झोपली आहे. नीट लिहिते.

मैदान भरलं होतं. पाववाला खरंच सगळं घर घेऊन आला होता, पाव वाटत होता. धाकटी सगळ्यांच्या पुढे, हातावर कप्तानाची पट्टी बांधून बाहेर आली. माझ्या मनात होतं अगदी तसं. लोक उभे राहिले. मी रडले, लपवत नाही. पण त्याच वेळी मला दिसलं की ती हसत नाहीये. पोस्टरवर होती तशी उभी होती फक्त.

पहिल्या भागात ती खेळली. धावली नाही फार, पण चेंडू कुठे येणार ते तिला आधी कळतं. आठावरून उडालेले दोन चेंडू तिने अर्धं पाऊल थांबून काढले. मग पाहुण्या टीमची एक मुलगी तिच्या बाजूने सरळ निघून गेली. धाकटी वळली, आणि वळताना थांबली. गोल झाला.  पाववाला म्हणाला, "होतं असं." दुसऱ्या भागात आपल्या मुलींनी एक फेडला. लोकांनी आरडाओरडा केला, टोप्या उडवल्या. बरोबरी झाली म्हणून मी टॉवेल हवेत फेकला तो पंचांवर पडला.

बदलीचा फलक माझ्या हातात असतो. बाहेर येणारीचा नंबर वर, आत जाणारीचा खाली. शिट्टीबाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "सहा बाहेर."

माझा हात चालेना. म्हटलं, "थोडं खेळू द्या तिला. लोक तिच्यासाठी आलेत."

"मी काढत नाहीये. ती मागतेय. तिकडे बघा."

मी बघितलं. धाकटी मैदानाच्या मधोमध, त्या आठावरच उभी होती. शिट्टीबाईंकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवून बदलीची खूण करत होती. लहानपणी शाळेच्या फाटकाशी मला शोधत उभी असायची तेव्हा तिचा चेहरा असाच असायचा. घरी ने म्हणायचा.

मी फलक फिरवला. सहा. वर धरला.

ती लंगडत बाहेर आली. पट्टी काढून तिने चिमणीच्या हातावर बांधली आणि कानात काहीतरी सांगितलं. मग बाकावर बसली, गुडघ्यावर बर्फ धरला आणि सामना संपेपर्यंत ओरडत राहिली, "थांब! अर्धं पाऊल! आता!" चिमणीने आठावरचा एक चेंडू अगदी तसाच काढला. धाकटीने टाळ्या वाजवल्या. इतका मोकळा चेहरा मी तिचा कधीपासून पाहिला नव्हता, ते मला आठवेना. दुसरा गोल आम्ही शेवटी कॉर्नरवर खाल्ला. त्यात कुणाची चूक नव्हती.

सगळ्या गेल्यावर खोलीत आम्ही दोघीच. तिला वाकता येत नव्हतं. मी खाली बसून तिच्या लेस सोडायला लागले. चिखलाने घट्ट झाल्या होत्या.

"खिळ्यावरून काढलेस ना बूट?" ती म्हणाली.

मी गाठच सोडवत राहिले.

"मी म्हटलं, रीत तर तूच घातलीस. तुला सांगावं लागणार नाही. तोंडाने सांगायला गेले तेव्हा तो खाटेवाला मधे आला."

"समजलं होतं गं," मी म्हटलं. "बघितल्याबरोबर समजलं होतं. म्हणूनच धावत जाऊन लेस आणल्या."

मी हे बोलेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं की मला समजलं होतं.  ती माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली, जशी मी तिच्या डोक्यावर ठेवत असे.

मग मी विचारलं, "दाढ कशी आहे?"

ती हसायला लागली. हसता हसता गुडघा दुखला म्हणून ओरडली आणि परत हसली. दाढ कधी दुखलीच नव्हती. दातांच्या बाईंकडे कवळ्या करायचं काम शिकतेय ती. साचा घ्यायचा, प्लास्टर ओतायचं, घासायचं, दात बसवायचे. पांढरी पूड ती त्याची. बाई म्हणतात हात चांगला आहे. शिट्टीबाईंना पहिल्याच दिवशी गोलाच्या खांबाशी हे सगळं सांगितलं होतं, मला मात्र नाही.

"दिवसभर स्टुलावर बसायचं, ताई. मांडीवर कापड, समोर खिडकी. कुणी धावा म्हणत नाही." मग हळूच म्हणाली, "मी फार दमले गं. गुडघा राहू दे, मीच दमले. तुझ्यासाठी अजून एकदा बाहेर आले. छान वाटलं का तुला?"

"छान वाटलं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? छान वाटलं होतं. आणि त्या छान वाटण्याची आता लाज वाटत होती, दोन्ही एकदम.

आम्ही रस्त्याने हळूहळू घरी आलो. तिने माझा हात धरला होता की मी तिचा, ते सांगता येणार नाही. दोघीही लंगडत होतो. बसथांब्यावरच्या पोस्टरसमोर ती पहिल्यांदाच थांबली, नीट बघितलं, आणि म्हणाली, "दात बरे आलेत."

१७ मार्च, मंगळवार

काल दुपारी मी अंगणात बसून तिचे बूट घासले. चिखल काढला, पुसले, तेल लावलं. मग पांढऱ्या लेस काढल्या. एकेक भोकातून, घातल्या तशाच उलट. त्या माझ्या टेबलाच्या खणात ठेवल्या. बूट तिच्या हातात दिले. टांगायचे ते तिनेच, त्यात मी पडले नाही.

आज सरावाआधी ती माझ्याबरोबर आली. खोलीत कुणी नसताना बूट खिळ्याला लावले आणि बाहेर पायरीवर येऊन बसली. मुली आल्या. भिंत आत गेली, बाहेर आली आणि नाक पुसत हातमोजे चढवायला लागली. चिमणी खिळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. कुणी काही विचारलं नाही. शिट्टीबाईंना रीत कुणी सांगितली कोण जाणे, त्यांनीही नाही विचारलं.

मी किटलीतून पहिला कप ओतला. थोडा बशीत सांडला. म्हणायचं तर माझ्या तोंडापर्यंत बरंच काही आलं होतं. एवढं वर्ष तरी काढ, गुडघा बरा होईल, मी एकटी काय करू इथे, असं सगळं. मी कप तिच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी बसले.

"साखर बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"कामावर किती वाजता जायचंय?"

"जाईन. चहा होऊ दे."

मैदानात मुली पळायला लागल्या. ऊन अजून कोवळं होतं आणि आठ स्पष्ट दिसत होता. तेवढ्यात लांब शिट्टी वाजली, एकच, बराच वेळ. धाकटी सवयीने कप ठेवून अर्धी उठली. मग तिच्या लक्षात आलं. ती परत बसली, कप उचलला आणि सावकाश, फुंकर घालून, चहा प्यायला लागली.